दिवेलागणीचा कॉल

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे कॉल आम्हाला आवडतात. बोलायला वाईट दिसतं, पण खरं ते सांगते. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचं ओरडणं, रडणं, शिव्या देणं ऐकायचं, त्यात लिफ्टवाला म्हणजे बसल्या जागी सुरक्षित. घामाघूम झालेला असतो, वैतागलेला असतो, पण त्याला कुणी मारत नसतं आणि तो कुठे जाणारही नसतो. अग्निशमनला कळवायचं, गाडी निघाली म्हणून सांगायचं आणि पुढचा कॉल घ्यायचा.

मी हवालदार शर्मिला गायकवाड. पुण्यातून कुणी एकशे बारा फिरवला की तो कॉल फिरत फिरत शेवटी आमच्या हॉलमध्ये येतो, आणि पोलीस पाठवायचे, बंब पाठवायचा की ॲम्ब्युलन्स, ते आमच्यातलं कुणीतरी ठरवतं. नातेवाईक म्हणतात, छान की गं, बसून काम आहे. बसून म्हणजे काय ते त्यांना समजावण्यात आपलंच तोंड दुखतं. बदलीचा माणूस समोर येऊन हेडफोन हातात घेत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही. बाथरूमला जायचं तरी शिफ्टच्या प्रमुख दीपाली मॅडमना विचारायचं. आमच्या हॉलला खिडकी नाही. आणि मोबाईल, पर्स, किल्ल्या सगळं आत शिरतानाच बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवायचं.

त्या किल्ल्यांमध्ये आमच्या धायरीच्या घराची किल्ली असते, आणि त्या घरात माझी आई असते. बाहेरून कुलूप लावून येते मी. लोकांना हे सांगत नाही, कारण लोकांची तोंडं मला माहीत आहेत. आई महापालिकेच्या दवाखान्यात आया होती, चंद्रभागाबाई म्हटलं की अजून जुन्या बायका नाव काढतात. आता तिला सकाळ की संध्याकाळ ते कळत नाही. दार उघडं मिळालं की डबा घेऊन ड्युटीला निघते. एकदा नऱ्ह्याच्या पुलाखाली सापडली. माझा नवरा संजय वाघोलीला कंपनीत, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि बाई ठेवली तर आई तिला चोर म्हणून हाकलते. मग काय करायचं? मला मात्र अजून ओळखते. बाकी सगळं गेलं तरी मी आत शिरले की तोंड उजळतं तिचं.

त्या दिवशी संध्याकाळकडे कर्वेनगरचा कॉल आला. वयस्कर बाई, लिफ्टमध्ये अडकल्या आहेत, एवढंच कॉल आधी उचलणाऱ्या वरच्या केंद्रानं लिहून पाठवलं होतं. मी फोन लावला आणि नेहमीचं सुरू केलं, काकू, अजिबात घाबरू नका.

‘घाबरलेय असं कुणी सांगितलं तुम्हाला? आणि मी तुमची काकू नाही. सरोजिनी आगाशे. नीट लिहून घ्या, मी पुन्हा सांगणार नाही.’

माझं डोकं फिरलं. बंद डब्यात बसून ही बाई माझी शाळा घेत होती. पण कामाची होती, हे कबूल. बाकीचे लोक पत्ता विचारला की रडायला लागतात, हिनं रस्ता, खूण, फाटक कुठल्या बाजूला, सगळं क्रमानं सांगितलं. सोसायटी जुनी, पुनर्विकासाला निघालेली. बाकीची बिऱ्हाडं भाड्याच्या घरांत पांगली, चौथ्या मजल्यावर ही दोघं नवरा-बायको तेवढी उरलेली. शेजारच्या प्लॉटवर खोदताना कुणीतरी केबल तोडली आणि दिवे गेले. लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. वॉचमन चहाला गेला तो गेलाच.

खाली कशाला उतरला होतात, मी विचारलं. औषधांचं पार्सल घ्यायला, म्हणाल्या. तो पार्सलवाला वर का नाही आला? कारण पार्सलवाल्यांनी लिफ्ट वापरू नये अशी पाटी खाली लावलेली आहे, आणि ती पाटी लावणाऱ्या त्याच होत्या.

मला हसू आलं. दाबायचा प्रयत्न केला, पण हेडफोनवर सगळं ऐकू जातं.

‘हसून झालं असेल तर ऐका आता,’ त्या म्हणाल्या. ‘गॅसवर दूध ठेवलंय. घरात आमचे हे एकटे आहेत. आणि मी बाहेरून कुलूप लावून आलेय.’

माझं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी पुढचं अगदी सावकाश सांगितलं, वर्गात गणित सांगावं तसं. दूध बारीक गॅसवर होतं, पण पातेलं लहान. ते उतू जाणार, ज्योत विझणार आणि गॅस तसाच येत राहणार. नवऱ्याला काही वर्षांपासून विसरण्याचा आजार. शेगडीचं बटण बंद करायला सांगावं तर दुसरीही सुरू करून ठेवतील. पण एक गोष्ट ते विसरत नाहीत. अंधारून आलं की देवापुढे दिवा लावतात. कधीकधी स्वतःचं नाव आठवत नाही, दिवा मात्र एक दिवस चुकलेला नाही. काडेपेटी कुठेही लपवा, ती सापडते त्यांना. म्हणून रोज त्या वेळेला या शेजारी बसून असतात.

‘आता दिवे गेलेत,’ त्या म्हणाल्या, ‘त्यामुळे अंधार आज लवकर होईल.’

मी अग्निशमनला कळवलं, ॲम्ब्युलन्स सांगितली आणि जवळच्या बीट मार्शलला, म्हणजे गस्तीवरच्या पोलिसाला, मोटारसायकलवरून पिटाळलं. समाधान नाव त्याचं, पोरगेला असला तरी डोकं शांत. बंब निघाला होता, पण त्या वेळेला कर्वे रस्ता म्हणजे काय ते पुणेकराला सांगायला नको. सायरन वाजवा नाहीतर बँड वाजवा, पुढचा रिक्षावाला आरशात बघून पुन्हा आपल्या जागी स्थिर.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर मच्छिंद्र असतो. त्याच्या स्क्रीनवर माझी नोंद दिसत होती. तो मान हलवत म्हणाला, कसली बाई आहे, आजारी माणसाला कोंडून बाहेर जाते. मी हेडफोनवर हात ठेवला आणि त्याला असं काही बोलले की मागून दीपाली मॅडम उठून उभ्या राहिल्या. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मच्छिंद्र आपल्या स्क्रीनकडे वळला. तेवढ्यात माझ्या मनात आलं, आज सकाळी आपण सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला का?

रोज करते. निघताना शेवटचं काम तेच असतं. पण आज उशीर झाला होता, चहा उभ्यानंच घेतला होता, आई डबा मागत मागे लागली होती, आणि रेग्युलेटरवर हात गेल्याचं काही केल्या आठवेना. शेजारणीला फोन करून खिडकीतून बघ म्हणावं, तर तिचा नंबर मोबाईलमध्ये आणि मोबाईल लॉकरमध्ये. पाठ कुणाचे नंबर असतात हल्ली? आणि कॉल उघडा असताना उठता येत नाही. सरोजिनीबाई निदान म्हणू शकत होत्या की लिफ्ट बंद पडलीय. माझ्यासमोर तर उघडं दार होतं.

‘आहात का तिकडे?’ त्यांनी विचारलं.

आहे म्हटलं. कुठे जाणार?

‘बाहेर उजेड किती आहे?’

मला दिसत नाही, म्हणाले. आमच्याकडे खिडकी नाही. दोघी दोन डब्यांत बसलो होतो आणि दोघींनाही दिवस किती उरलाय ते कळत नव्हतं. मी समाधानला वायरलेसवर विचारलं, उजेड आहे का रे? त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. मग म्हणाला, आहे अजून, पण उतरतोय.

तो पोचला, चार मजले धावत चढला आणि लगेच अर्धा जिना खाली येऊन बोलला, कारण दाराच्या फटीतून गॅसचा वास येत होता. दाराला भलं मोठं कुलूप, त्याच्याबाहेर लोखंडी जाळीचं दार, त्यालाही कुलूप. किल्ल्या सरोजिनीबाईंच्या पदराला. तोडू का, त्यानं विचारलं. मी नको म्हटलं, लोखंडावर लोखंड मारून ठिणगी पडली तर? बंबवाल्यांना येऊ दे. तोवर दारावर थाप मारू नकोस, टॉर्च लावू नकोस, वायरलेस बंद कर, बोलायचं झालं की जिन्यात उतरून मोबाईलवर बोल.

मग त्यानं आत हाक मारली. म्हातारे दाराशी आले. कोण आहे, त्यांनी विचारलं. सरोजिनी घरात नाही, दूध नासल्यासारखा कसला तरी वास सुटलाय, आणि काळोख व्हायला लागलाय तर मी काडेपेटी शोधतोय, नंतर या.

समाधाननं हे सगळं मला सांगितलं आणि मी लगेच म्हणाले, त्यांना ओरडून सांग, काडी लावू नका म्हणावं.

‘अजिबात नाही,’ दुसऱ्या कानात सरोजिनीबाई कडाडल्या. ‘नको म्हटलं की मुद्दाम करतात. दिवा लावून झाला म्हणालात तर देव्हाऱ्यापाशी जाऊन बघतील. तुम्ही घरात कुणाला सांभाळलेलं दिसत नाही.’

हे मला फार लागलं. रोज आईला नको नको म्हणून ओरडून माझा घसा बसतो, हे त्यांना कसं कळणार? मग काय सांगू, मी विचारलं.

‘सुतक आहे म्हणून सांगा,’ त्या म्हणाल्या.

माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नाही, त्यामुळे हे मला सुचलं नसतं. पण शेजारपाजाऱ्यांत राहून एवढं कळतं. घरातलं कुणी गेलं की त्या घरची माणसं दहा दिवस देवाला हात लावत नाहीत. पूजा नाही, दिवा नाही. म्हाताऱ्यांच्या अंगात दिवा जेवढा मुरला होता, तेवढंच हेही मुरलेलं असणार. मी विचारलं, कोण गेलं म्हणून सांगायचं?

विनायक, म्हणाल्या. धाकटा दीर. समाधान वर गेला, दारातून सांगितलं, आणि परत खाली आला तो घाबऱ्याघुबऱ्या. म्हातारे भडकले होते. विनायकला मी स्वतः स्मशानात पोचवून आलोय, माझ्या भावाच्या नावानं मला फसवता काय, कोण तुम्ही? जुनं सगळं त्यांना लख्ख आठवत होतं. आणि आता ते दारापासून आत गेले होते. ड्रॉवर उघडल्याचे, भांडी सरकवल्याचे आवाज येत होते.

मी सरोजिनीबाईंना सांगितलं. दुसरं कोणी? चुलत भाऊ, बहीण, कुणीही?

‘बाकीची नावं त्यांना लागत नाहीत आता,’ त्या म्हणाल्या. ‘कोण हा, म्हणून विचारतील आणि दिवा लावायला जातील. एकच नाव राहिलंय त्यांच्या डोक्यात. माझं सांगा.’

मला कळायला वेळ लागला. अहो मॅडम, असं कसं सांगायचं, मी म्हणाले.

‘तोंडानं सांगायचं. लवकर सांगा, काडेपेटी देव्हाऱ्याच्या मागेच आहे.’

समाधान तयार होईना. ताई, मी नाही बोलणार असं, म्हणाला, जितंजागतं माणूस आहे, खाली लिफ्टमध्ये बसलंय, अभद्र कशाला बोलायचं. मी त्याला दमात घेतलं. दीपाली मॅडम माझ्या खांद्याशी येऊन उभ्या होत्या, त्यांनीही माझ्या माइकमध्ये वाकून सांगितलं, समाधान, बोल. मग तो वर गेला. फोन त्यानं जिन्यातच कठड्यावर ठेवला होता, त्यामुळे मला त्याचा आवाज लांबून आला. आजोबा, दिवा लावू नका, सुतक आहे, सरोजिनीबाई गेल्या.

मग काहीच नाही. मी इतकी वर्षं हे काम करते, पण शांततेची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

पावलं वाजली, समाधाननं फोन उचलला. अगदी हळू म्हणाला, ताई, खाली बसले ते. दाराशीच बसलेत. रडतायत.

मी सरोजिनीबाईंना म्हणाले, बसले. दिवा नाही लावला.

‘रडले का?’

हो, म्हणाले मी. खोटं बोलायला हवं होतं का, मला अजून ठरवता येत नाही.

‘बरं,’ त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘पन्नास वर्षांच्या संसारात कधी रडले नाहीत हो माझ्यासाठी. आज रडले तर मी इथे.’ आणि लगेच नाक पुसून विचारलं, गाडी आणखी कुठे देवदर्शन करून येणार आहे का?

गाडी आली. तिसऱ्या मजल्यावरून जवानांनी लिफ्टचं दार हातानं थोडं फाकवलं, पंजा जाईल एवढं. मला सगळं ऐकू येत होतं. बाई, हात द्या, कुणीतरी म्हणालं. त्यांनी हात दिला नाही, किल्ल्या दिल्या. मी इथून कुठे पळून जात नाहीये, म्हणाल्या, आधी वर जा, मोठी किल्ली जाळीची आणि पितळी दाराची. दोघं वर पळाले. कुलूप उघडलं, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. म्हातारे धडधाकट होते. काडेपेटी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती.

हॉलमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मच्छिंद्रनं माझ्यापुढे पाण्याची बाटली सरकवली. मी कॉल बंद करायला पाहिजे होता, नियम तसाच आहे. पण सरोजिनीबाई फोन बंद करायला विसरल्या होत्या, आणि मलाही बंद करवेना. त्यांना बाहेर काढल्याचा आवाज आला. एक जिना चढताना लागलेली धाप आली. समाधाननं आधार द्यायला हात पुढे केला असणार, त्याला त्या म्हणाल्या, मला चालता येतं. दारात थांबून जवानांना बुटांवरून बोलल्या. मला बरं वाटलं, म्हटलं, चला, सगळं ठीक झालं.

‘अहो,’ त्या म्हणाल्या. हा आवाज मी ऐकलाच नव्हता तोवर, एवढा मऊ. ‘अहो, मी आले.’

‘या, बसा,’ म्हातारे म्हणाले. रडून घसा बसलेला, पण बोलणं अगदी रीतीचं, दारात आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तसं. ‘आमची सरोजिनी गेली हो. सुतक आहे घरात, तुम्हाला चहा विचारता येत नाही.’

मी हेडफोन कानावर दाबून धरला.

‘हो,’ सरोजिनीबाई म्हणाल्या. ‘कळलं मला. म्हणूनच भेटायला आले.’

मी कॉल बंद केला.

दीपाली मॅडमनी न विचारता माझ्या जागी बसून घेतलं आणि जा म्हणाल्या. मी लॉकरपाशी जाऊन शेजारणीला फोन लावला. ती खिडकीतून बघून आली. आई पलंगावर बसलीय, वास-बीस काही नाही, म्हणाली. मग मी परत येऊन खुर्चीवर बसले, कारण ड्युटी संपायची होती. एकानं गाडी ठोकली होती, दुसऱ्याच्या सोसायटीत साप निघाला होता. सगळ्यांना धीर धरा म्हणून सांगितलं. उद्या ते आजोबा हे सगळं विसरतील, असंच असतं या आजारात, असं मधे मच्छिंद्र म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला. मी मान हलवली, पण सुतकासारखी गोष्ट ते विसरतील असं मला वाटत नव्हतं. त्या बाईला अजून दहा दिवस स्वतःच्याच घरी भेटायला यावं लागणार होतं, आणि नंतरचं मला माहीत नाही.

धायरीला पोचले तेव्हा जिन्यातला दिवा लागलेला होता. कुलपात किल्ली घातली. माझी चाहूल लागली की आई आतून विचारते, कोण हाय? रोजचं आहे ते. रोज मी ‘मी गं’ म्हणते, दार उघडते, तिचं तोंड बघते आणि माझा दिवस संपतो.

‘कोण हाय?’ आई म्हणाली.

किल्ली फिरवायला माझा हात होईना. मी बाहेरूनच सांगितलं, शर्मिला आहे, आई, तुझी लेक. आणि ती काय म्हणते ते ऐकायला कुलूप तसंच हातात धरून उभी राहिले.